बोधिरोपाच्या कुंडीतला धूर

दरेकसा,
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

फोन केला नाही म्हणून रागावू नये. मागे एकदा मी फोनवर तुम्हाला काही विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात की फोनवर माणूस उत्तर देतो, विचार करत नाही. विचारायचे असेल तर लिहून विचार. म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी तुम्ही आमच्या विहाराला बोधिवृक्षाचे रोप कुंडीसकट दिलेत. त्या कुंडीतून धूर निघतो. सकाळची वंदना झाली की सुशिलाबाई रोपाला पाणी घालतात. पाच-सात मिनिटे जातात, आणि कुंडीतून कोणी फुंकर मारावी तसा एक बारीक लोट उठतो. मग दुसरा, मग तिसरा. प्रथम त्यांनाच दिसला. घरी सांगितले तर सून म्हणाली, "बाई, तुमचा मोतीबिंदू पिकून राहिला, धूर नाही तं काय दिसन?" तिसऱ्या दिवशी तो अकरा जणांनी पाहिला. आता सारी वस्ती सकाळी व्हरांड्यात उभी असते.

यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. विहाराच्या सभागृहात मी संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर चारच मुले उरली. रिकामे सभागृह मंडप-बिछायतवाल्या मुन्नालालला सामान ठेवायला द्यावे असे समितीच्या मनात आले, आणि सोळा मार्चच्या सभेत ते पक्के व्हायचे होते. धुरामुळे माणसे येऊ लागली तसे अध्यक्ष भोजराजभाऊ थबकले. काल मला म्हणाले, "तुया मामाचं, प्राध्यापकसायबाचं, एक पत्र आन. पिंपळातून धूर निघते असं त्याइनं लिवून देल्लं की सभेत वाचून टाकू. मंग हॉल कोनाले द्याचा सवालच नाही."

तेव्हा मामाजी, असे पत्र द्याल का?

आपली भाची,
अल्का

*

कुडवा, गोंदिया,
७ फेब्रुवारी २०२५

चि. अल्का हिस,
आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोहोचले. तू दोन प्रश्न एकाच धाग्यात ओवले आहेस; ते आधी सुटे करावे लागतील. सभागृहाचे काय व्हावे हा एक, आणि कुंडीतून काय निघते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्याला इष्ट आहे म्हणून दुसऱ्याचे उत्तर त्याला सोयीचे यावे, ही अपेक्षा समजण्याजोगी असली तरी तर्कदुष्ट आहे.

डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले. ते दरेकसाच्या व्हरांड्यात लागू पडणार नाही असे मानण्यास कारण दिसत नाही. तेव्हा प्रथम अग्नी शोध. माझा कयास असा की सुशिलाबाई उदबत्ती कुंडीच्या मातीत खोचतात, पाणी पडून ती अर्धवट विझते आणि धुमसते. दोन दिवस उदबत्तीवाचून वंदना होऊ द्यावी. धुराला वास आहे का, रंग कोणता, तो नेमका किती वेळाने उठतो, याची नोंद हवी. ती मोठ्या माणसांकडून घेऊ नकोस. ती पाहण्यापूर्वीच ठरवतात. तुझ्या चार मुलांना वही देऊन बसव.

माझे वडील छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले, तेव्हा त्यांनी घरात एकच नियम घातला: विचारल्याशिवाय काही मानायचे नाही. त्यांच्या मुलाने न विचारता पत्र लिहून दिले, तर ते पत्र भोजराज यांच्या उपयोगाचे असेल, माझ्या नाही.

सेवकराम

*

दरेकसा,
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामाजी,
जयभीम.

उशीर झाला. मध्यंतरी कचारगडची जत्रा होती. स्टेशनात उभे राहायला जागा नव्हती, आणि टपालही माणसांबरोबरच अडकले.

तुमचा पहिला कयास चुकला. तीन दिवस उदबत्ती लावली नाही. सुशिलाबाईंना ते फार लागले: "उदबत्तीबिना वंदना केली जी मी, सायबाले सांगजो. तरी धूर निंघालाच." वास कोणताही नाही. रंग पांढरा, किंचित पिवळसर. पाणी घातल्यापासून पहिला लोट कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त नऊ मिनिटांनी. चार मुलांनी बघायला मित्रमैत्रिणी आणल्या, त्यांनाही बसवून घेतले. आता अकरा आहेत. वहीला त्यांनी "धूरवही" नाव दिले असून तीत रोज पाणी कोणी घातले, ऊन कुठवर आले होते, हेही लिहितात. तिच्या पानांची नक्कल सोबत आहे.

मुन्नालालही एका सकाळी आला, हात मागे बांधून अर्धा तास उभा राहिला आणि मला म्हणाला, "धुआँ तो है, मैडम." भोजराजभाऊ रोज विचारतात, "आलं का पत्र?" मी सांगते, मामाजींचा तपास चालू आहे. तपास चालू असताना सभागृहाचा विषय काढायला त्यांनाही अवघड जाते.

पुढे काय करू ते कळवावे.

अल्का

*

कुडवा,
२० फेब्रुवारी २०२५

चि. अल्का,

उदबत्ती निर्दोष ठरली, हे मान्य करतो. तुझ्या मुलांची नोंद माझ्या एकेकाळच्या काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांहून स्वच्छ आहे, असे त्यांना सांगण्यास हरकत नाही. मात्र "सुमारे" हा शब्द त्यांनी सात वेळा वापरला आहे, तो पुढे नसावा.

धुराला वास नाही, म्हणजे ज्वलन नाही. उरते ती उष्णता. फेब्रुवारीच्या सकाळी हवा गार असते आणि बोअरवेलचे पाणी कोमट. कोमट पाणी गार मातीवर पडले की वाफ उठते. अग्नी येथे आहेच, फक्त तो जमिनीखाली आहे. हा निष्कर्ष मला बराचसा समाधानकारक वाटतो, आणि म्हणूनच तो तपासला पाहिजे. रात्रभर माठात ठेवलेले गार पाणी घालून पाहा. शेजारच्या एखाद्या साध्या कुंडीला तेच पाणी घाल. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. एक दिवस सुशिलाबाईंऐवजी दुसऱ्या कोणी पाणी घालावे. हा त्यांच्यावरचा अविश्वास नव्हे, हे त्यांना नीट समजावून सांग.

सेवकराम

*

दरेकसा,
२७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामाजी,
जयभीम.

नीट समजावून सांगितले. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माह्या हातालेच दोष काऊन? सायबानं मोठी पोथी वाचली असन, पन पानी तं मीच घातलं ना रोज." आता बोलतात.

वाफही नाही, मामाजी. माठातल्या गार पाण्यानेही धूर निघाला. शेवंतीच्या कुंडीला तेच पाणी घातले, तिच्यातून काही नाही. दुपारच्या उन्हात लोट अधिक. एकदा मुलांनी चौदा मोजले. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एकही नाही. पाणी माझ्या हातून घातले तरी तेच. मुले आता एकोणीस झाली. धूरवही आटोपली की घरी जात नाहीत, गणिते करत बसतात, जायला सांगितले तर म्हणतात, "सायबाचा पुढचा प्रश्न येईस्तोर थांबतो."

कुंडीत पिंपळाशिवाय दुसरे विशेष काही नाही. बुडाशी शेवाळासारखी बारीक पानांची हिरवी दाटी तेवढी आहे. तुम्ही पुढे नमुना मागालच, म्हणून तिची एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत पाठवते.

अल्का

*

कुडवा,
५ मार्च २०२५

चि. अल्का,

डहाळी जिवंत पोहोचली. तिच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. केवळ तू पाठवलीस म्हणून ती बशीत घालून खिडकीच्या उन्हात ठेवली आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. तासाभराने ती कोमेजलेली वाटली, म्हणून तिच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. सहा मिनिटांनी माझ्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर धूर निघाला.

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. पुन्हा निघाला. बशीत अग्नी नव्हता.

शेजारचे इंद्रकुमार शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांना बोलावले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "सर, ये तो पायलिया है." अंगाला लागताच आग करणाऱ्या खाजऱ्या झाडांचे जे कुळ आहे, त्याच कुळातली ही प्रजाती, फरक इतकाच की हिला खाजरे केस नाहीत, त्यामुळे ती कोणाला काही करत नाही आणि कोणी तिच्याकडे पाहत नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा तिच्या नरफुलांत पुंकेसर आत दुमडून, ताणून बसलेले असतात. कळी ओली होऊन उन्हात तापली की ते एकदम सुटतात आणि पराग हवेत फेकतात. शेकडो कळ्या, म्हणून लोट. इंद्रकुमारांच्या म्हणण्याप्रमाणे हिला इंग्रजीत तोफखान्याचे झाड म्हणतात.

एवढे सांगून त्यांनी हनुवटीने आमच्या अंगणातल्या नळाकडे खूण केली. नळाखाली, मोरीच्या कडेने, भिंतीच्या भेगेत, सर्वत्र तीच. सूनबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "बाबा, सहा वर्षांपासून हेच तं उपटायला लावून राहिले तुम्ही मला." तुमच्या रोपाची कुंडी मी याच नळाशेजारून उचलून दिली होती.

आता माझी चूक. दोन पत्रांत मी तुला अग्नी शोधायला लावला: एकदा उदबत्तीत, एकदा जमिनीखाली. धुरावरून अग्नीचे अनुमान करण्यापूर्वी, जे दिसते तो धूरच आहे का, हे विचारावे लागते. ही अट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. ती मी विसरलो नव्हतो. ती मला लागू आहे असे वाटले नव्हते, एवढेच.

पिंपळातून धूर निघतो असे पत्र मी देऊ शकत नाही, हे उघड आहे.

एक गोष्ट उरते. तू मी विचारले तेवढ्याचेच उत्तर देतेस, कधी अधिक नाही. डहाळी मात्र न मागता पाठवलीस, तीही "विशेष काही नाही" असे लिहून. तुला हे केव्हापासून ठाऊक होते?

सेवकराम

*

दरेकसा,
९ मार्च २०२५

आदरणीय मामाजी,
जयभीम.

तिसऱ्या दिवसापासून. सगळे पिंपळाच्या पानांकडे बघत होते. मी खाली वाकले होते, कारण माझी चप्पल कोणीतरी सरकवली होती. लोट मातीजवळून उठताना दिसला. झाडाचे नाव मला ठाऊक नव्हते, पण पिंपळ निर्दोष आहे एवढे कळले.

मग तुम्हाला का लिहिले, असे विचाराल. भोजराजभाऊंनी तुमचे पत्र मागितले तेव्हा मी हिशेब केला की तुम्ही एका वाक्यात हो किंवा नाही म्हणणारे नाही. आधी प्रश्न सुटे कराल, मग कयास बांधाल, मग तो मोडाल. सोळा मार्चपर्यंत सहा आठवडे होते. तेवढा वेळ तपास चालू राहिला असता तर सभागृहाला कोणी हात लावला नसता, आणि तेवढ्यात मला मुले गोळा करायची होती. तुमचे प्रश्न मी मुलांना दिले ते वेळ काढायला. पुढे ती त्या प्रश्नांसाठीच येऊ लागली, हे मात्र मी योजले नव्हते. आज सव्वीस आहेत.

तुम्हाला फसवले म्हणा. म्हणायला जागा आहे.

तरी एक मागते. सभा सोळाला आहे. तोवर पत्र पाठवू नका. किंवा पाठवायचेच तर एवढेच लिहा की कुंडीतून धुरासारखे काही निघताना तुमच्या देखरेखीखालच्या नोंदींत आढळले. यात खोटा शब्द एकही नाही. सत्य नंतर सांगू, सभागृह हाती राहिल्यावर. सतरा तारखेला मी स्वतः सांगेन.

सुशिलाबाईंना अजून काही बोलले नाही. सुनेपुढे त्यांची मान आता कुठे वर झाली आहे.

अल्का

*

कुडवा,
१२ मार्च २०२५

चि. अल्का,

मध्ये धुळवड येते. टपालावर विसंबत नाही. आमचा चि. रत्नपाल उद्या सकाळच्या गाडीने त्या बाजूस येतो आहे, त्याच्या हाती हे पाठवतो.

माझ्या संथपणाचा कोणी साधन म्हणून उपयोग केला, याचा मला राग यायला हवा. त्याची वाट पाहतो आहे. अद्याप आलेला नाही.

तुझ्या सूचनेविषयी. वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आणि ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारी समजूत खोटी, असे वाक्य लिहिणाऱ्याला ती समजूत आधीच ठाऊक असेल, तर ते वाक्य खोटेच. सतरा तारखेला सांगितलेले सत्य सोळा तारखेच्या मतांना लागू होत नाही. आणि ज्या मुलांनी महिनाभर नोंद ठेवली, सांगताच "सुमारे" लिहिणेही सोडले, त्यांना तू सतराला काय सांगणार, की सोळाला आपल्या वहीचा उपयोग नव्हता?

सोबत समितीसाठी पत्र आहे. वाचायचे की नाही ते तू ठरव. मी दुसरे लिहिणार नाही. सभागृह गेले तर मला वाईट वाटेल. याची युक्तिवादात गणना करू नये.

"विहार समितीच्या सभेस. कुंडीतून जे निघते ते दिसते, हे खरे आहे. ते धूर नव्हे, पराग आहेत. ते पिंपळातून निघत नाहीत. बुडाशी वाढलेल्या पायलिया नावाच्या लहान झाडातून निघतात. ते झाड माझ्या घरच्या मोरीजवळून कुंडीबरोबर आले. ते मी सहा वर्षे पाहत होतो आणि मला दिसले नाही. ते सुशिलाबाईंना सर्वांआधी दिसले. मी दोन वेळा चुकीचे कारण सांगितले. दोन्ही वेळा आपल्या मुलांच्या नोंदींनी मला दुरुस्त केले. त्या नोंदी जेथे बसून झाल्या ती जागा कशासाठी वापरावी, हा प्रश्न आपला आहे. त्यावर या पत्राने काही सुचवलेले नाही. सेवकराम."

सेवकराम

*

दरेकसा,
१७ मार्च २०२५

आदरणीय मामाजी,
जयभीम.

सभेत वाचले. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते पत्र पर्समध्ये होते आणि मी ठरवत होते की रत्नपालदादा गाडीत विसरला असे सांगावे. मग मुलांनी धूरवहीचे शेवटचे पान दाखवायला आणले, आणि ते जमले नाही.

पत्र संपले तशा सुशिलाबाई उठल्या. मला वाटले, निघाल्या. त्या म्हणाल्या, "मंजे मी जे पायलं ते होतंच ना जी? नाव तेवढं दुसरं." मी म्हटले, होतंच. त्या सुनेकडे वळल्या: "आयकलं? आता माह्या मोतीबिंदूचं नाव काढशीन नोको." आणि बसल्या.

भोजराजभाऊ संतापले होते, पण आवाज न चढवता. म्हणाले, "सायबानं घरच्या मोरीतलं गवत आपल्याले देल्लं, अन् आपन महिनाभर हात जोडून उभे राहिलो. आता लोक येतीन कायले?" त्यांचे खरेच आहे; आज सकाळच्या वंदनेला नऊ माणसे होती. मग ते म्हणाले, ठरल्याप्रमाणे हॉल मुन्नालालला द्यावा.

तेव्हा अभ्यासिकेतल्या मुली उठल्या. परवानगी घेतली नाही. एकीने धूरवही उघडली आणि तारखेवार वाचत गेली: कोणत्या दिवशी किती मिनिटांनी, कोणाच्या हातून, ऊन कुठे. पंचवीस मिनिटे वाचत होती. मध्ये कोणी खोकले तरी ती थांबून पुन्हा त्याच ओळीपासून सुरू करी. मुन्नालाल नातीला घेऊन शेवटच्या रांगेत होता. वाचन संपल्यावर म्हणाला, "भोजराजजी, सामान तो मैं कहीं भी रख लूँगा. मेरी पोती को यहाँ बिठा लो."

मत घेतले. अभ्यासिकेच्या बाजूने सतरा हात, विरुद्ध बारा. भोजराजभाऊंचा हात बारांत होता. सभागृह वर्षभर आमच्याकडे राहील. पण त्यांनी ठरावात एक अट घातली आणि ती सगळ्यांनी हसत मंजूर केली: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्राध्यापकसाहेबांनी स्वतः येऊन मुलांना प्रश्न विचारण्याचे शिकवावे, आले नाहीत तर ठराव रद्द. "मोरी त्याईची, तं जिम्मेदारीबी त्याईचीच," असे त्यांचे म्हणणे.

तुम्हाला न विचारता हे झाले. मी विरोध केला नाही. दोनदा फसवले असे समजावे.

अल्का

*

कुडवा,
२० मार्च २०२५

चि. अल्का,

ठरावाविषयी माझे आक्षेप नोंदवून ठेव. अनुपस्थित आणि असभासद व्यक्तीवर सभेला बंधन घालता येत नाही. सभागृहाचा निर्णय माझ्या गुडघ्यांवर अवलंबून ठेवणे हे अप्रस्तुत अट घालण्याचे उत्तम उदाहरण आहे. ते मी पहिल्याच तासाला वापरीन. आणि मोरीची मालकी माझी असली, तरी झाडाने परागांसाठी कोणाची जबाबदारी मागितलेली नाही.

हे सर्व स्पष्ट करून, पाच एप्रिलच्या सकाळच्या गाडीने येतो. येणे ठरावामुळे नाही, हेही नोंदवावे.

मुलांनी तोवर आपापल्या घरची, आजवर कोणी न विचारलेली एकेक गोष्ट लिहून आणावी. सुशिलाबाईंना वर्गात पुढची खुर्ची असावी.

दरेकसाचा फलाट खाली आहे आणि डब्याची पायरी उंच. उतरण्यासाठी एक मजबूत स्टूल आणावे, आणि ते भोजराज यांनी धरावे. आमचा मतभेद तात्त्विक आहे, तेव्हा ते मला पडू देणार नाहीत असे मी धरून चालतो. हे गृहीतक तपासण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

सेवकराम